भाकरीचा रकाना

आमच्या घरात रात्रीच्या जेवणाचं नियोजन असतं. जेवण असतं का ते विचारू नका, नियोजन असतं. फ्रिजशेजारी भिंतीवर पांढरा फळा टांगलाय. त्याच्यावर सगळे वार, प्रत्येक वारापुढं भाजी, भाजीपुढं करणाऱ्याचं नाव, आणि नावापुढं चिकटवायला लाल-हिरवे चुंबक. हिरवा म्हणजे काम झालं, लाल म्हणजे बोंबललं. अख्ख्या बजाजनगरात एवढं शिस्तीचं घर दुसरं सापडायचं नाही. पाव्हणे येतात, फळा बघतात आणि मला म्हणतात, नशीबवान आहेस बाई. मी व्हय म्हणते आणि चहा टाकायला उठते. चहा फळ्यावर नाही.

फळा आणला रूपाच्या पप्पांनी, म्हणजे माझ्या मालकांनी. धम्मपाल त्यांचं नाव. वाळूजच्या एका कारखान्यात ते प्लॅनिंगच्या खात्यात आहेत. कुठलं मशीन कधी चालणार, कुठला माल कधी लागणार, हे मांडायचं त्यांचं काम. मशीनला हात लावायचा नाही, फक्त मांडायचं. माणूस हुशार आहे, त्यात वाद नाही. पण त्या खात्यात इतकी वर्षं काढली की माणसाला वाटायला लागतं, लिहिलं म्हणजे झालं.

आता फळ्याची गरज का पडली, तर माझ्यामुळं. मी पण वाळूजलाच आहे, दुसऱ्या कंपनीत, वायरिंगच्या लाइनवर तपासणीला. गाड्यांमध्ये वायरींचे जुडगे बसतात ना, ते माझ्या टेबलावरून पुढं जातात. चांगल्याला हिरवी चिठ्ठी, बाद असला की लाल. आणि जो बाद नाही, पण थोडा हात फिरवला तर सुधारंल, त्याला पिवळी. पिवळीवाला माल ज्यानं बनवला त्याच्याकडंच परत जातो, त्यानंच तो नीट करायचा. रूपा बालवाडीत होती तेव्हापासून मी ह्या चिठ्ठ्या लावतेय, आता ती फार्मसीच्या कॉलेजात आहे. मधल्या काळात माझ्या हाताखाली जोड ओळखायला शिकलेली पोरं इन्चार्ज झाली आणि मलाच शिकवायला लागली. तर मागच्या उन्हाळ्यात मॅनेजरसाहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, सुलेखाताई, लाइन इन्चार्जची जागा मोकळी होतेय, घेता का? अट एकच, एक आठवडा आड सेकंड शिफ्ट करायची, दुपारी तीन ते रात्री अकरा. पुढच्या शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरं नाव देतो.

मला ती जागा पाहिजे होती. उगं लाजत नाही, लई पाहिजे होती.

घरी सांगितलं. कुणी नाही म्हणलं नाही. आमच्यात नाही म्हणायची पद्धतच नाही, आम्ही सुधारलेले लोक. एप्रिलमध्ये जयंतीला ह्यांनी विहारात बायांच्या प्रगतीवर असं भाषण ठोकलं होतं की पुढं बसलेल्या आमच्या गल्लीतल्या मुक्ताबाईंनी पदरानं डोळे पुसले. त्यामुळं सगळे म्हणाले, अरे वा. रूपा म्हणाली, मम्मी, भारी. अभय, माझा बारावीतला, मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, पार्टी. शेवटी माझ्या सासूबाई गीताबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्यांनी सगळ्यांच्या पोटातलं बाहेर काढलं.

"मंग रातच्याला जेवायचं काय?"

झालं. प्रगती बाजूला राहिली आणि ताट पुढं आलं.

ह्यांचे डोळे चमकले. अडचण म्हणू नका, हा प्लॅनिंगचा विषय आहे, असं म्हणून रविवारी ते कंपनीच्या भंगारातून फळा घेऊन आले. खिळा ठोकला, सगळ्यांना समोर बसवलं आणि मांडायला घेतलं. सोमवारी मेथी, ती पप्पा करणार. मंगळवारी मटकीची उसळ, रूपा. बुधवारचा अंड्याचा रस्सा पुन्हा पप्पांकडं. गुरुवारी पिठलं, ते अभयनं मोबाईलवर बघून करायचं. शुक्रवारचं वांग्याचं भरीत रूपाला आणि शनिवारची खिचडी अभयला. रविवारी माझी सुट्टी, म्हणून तिथं माझं नाव आणि मटण. आत्याबाईंचा उजवा खांदा धरलेला, हात वर जात नाही, म्हणून त्यांना बसल्याजागी लसूण सोलायचा आणि देखरेख करायची. खांदा परातीपर्यंत जात नाही पण टीव्हीच्या रिमोटपर्यंत जातो, असं मला वाटायचं, पण आपण कोण बोलणार. कांदा कधी चिरायचा, कुकर कुणी घासायचा, मीठ संपलं तर कुणाला फोन करायचा, सगळं होतं त्याच्यात. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणल्या तरी उंट एवढा सजवलेला मी कधी बघितला नव्हता.

आणि ठरलं असं, की येणारा आठवडा चाचणीचा. मी आमच्या लाइनवरच्या वहिदाच्या बहिणीशी पाळी बदलून आठवडाभर सेकंड शिफ्टला जायचं. घर फळ्यावर चाललं, तर जागा घ्यायची. नाही चाललं, तर मॅनेजरला नाही सांगायचं आणि पुढच्या वर्षी बघायचं. आमच्या घरात पुढच्या वर्षी बघू म्हणून ठेवलेल्या वस्तू माळ्यावर आहेत, त्यातली एकही अजून खाली आलेली नाही. म्हणून मी तो फळा नीट वाचला, वरून खाली आणि खालून वर. तपासणी माझा धंदा. मला त्यात एक चूक दिसली नाही.

सोमवारी मी शिफ्टहून आले तेव्हा सगळे झोपले होते. फळ्यावर मेथीपुढं हिरवा चुंबक होता. मी खुश होऊन झोपले.

काय झालं होतं ते सकाळी रूपानं सांगितलं. मेथी झकास झाली होती. लसणाची फोडणी, वरून दाण्याचा कूट. ह्यांनी ताटं मांडली, भाजी वाढली, कांदा फोडला, ठेचा काढला. सगळे ताटापुढं बसले. आणि बसूनच राहिले. मेथी समोर आहे, भूक लागलीय, पण कुणी हात घालेना. जो तो कशाची तरी वाट बघतोय आणि कशाची ते कुणाला सांगता येईना. शेवटी अभय म्हणाला, भाकरी कुठंय? मग सगळ्यांनी मिळून फळ्याकडं बघितलं.

फळ्यावर भाकरी नव्हती. लसूण होता, मीठ होतं, कुकर घासायचा होता, भाकरी नव्हती. कशी असंल? आमच्या घरात भाकरी हा पदार्थच नाही. ती असतेच. शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, त्याची तरी लोक वाट बघतात, मोर्चे काढतात. भाकरी रोज दोन टाइम येते, तिचं कोण काय काढणार? आणि दुसऱ्यांना काय बोलू, मलासुद्धा ती दिसली नव्हती. थापते मी, चटके खाते मी, आणि फळा वरून खाली वाचून मलाच कळलं नाही की ती नाही. ह्याचा मला ह्यांच्यापेक्षा जास्त राग आला.

तर मग त्या रात्री आमच्या सुधारलेल्या घरानं मेथी टोस्टबरोबर खाल्ली. चहात बुडवायचे टोस्ट. आत्याबाईंना दात नाहीत, त्यांनी आधी टोस्ट चहात बुडवला, मग त्याच्यावर मेथी ठेवली. भात टाकायचं कुणाला सुचलं नाही, कारण तोही फळ्यावर नव्हता. आणि एवढं होऊन हिरवा चुंबक, कारण नियोजनात मेथी होती आणि मेथी वेळेत झाली होती.

हे म्हणाले, बारीकशी त्रुटी राहिली. तू जाताना फक्त भाकऱ्या तेवढ्या टाकून जात जा.

फक्त. पीठ मळायचं फक्त, थापायचं फक्त, उन्हाळ्याच्या भर दुपारी तव्यापुढं उभं राहायचं फक्त. पण मला जागा पाहिजे होती. मंगळवारी मी डबाभर भाकऱ्या थापल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि कामावर गेले. ज्वारीची भाकरी काही माझी नोकर नाही, दुपारची थापलेली रात्रीपर्यंत मऊ राहायला. रात्री तिचं पार कातडं झालं. सकाळी चौघांच्या चार तक्रारी. उसळ कशी झाली होती, ते कुणी सांगितलं नाही, भाकरी कशी झाली होती ते सगळ्यांनी सांगितलं. उसळीपुढं हिरवा चुंबक.

मग बुधवारी ह्यांनी कळस केला. म्हणाले, मी विचार केलाय. तुझी जेवणाची सुट्टी सातला, अर्धा तास. गेटपासून घर स्कूटीवर पाच मिनिटं. तू यायचं, गरम गरम थापायच्या आणि जायचं, प्रश्न मिटला. जणू काही मधल्या वेळात मी जेवतच नाही, किंवा जेवले काय आणि नाही काय.

आणि मी गेले. खोटं कशाला बोलू. डोक्याला कंपनीची जाळी, अंगात निळा एप्रन, तशीच ओट्यापुढं उभी राहिले. पीठ मळून ठेवायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं. चौघं ताटं घेऊन हॉटेलात बसल्यासारखे ओळीनं बसले होते. एक उतरली की एकाच्या ताटात, दुसरी उतरली की दुसऱ्याच्या. रस्सा चांगला झालाय, असं ह्यांनी दोनदा सांगितलं. मी चव बघितली नाही. शेवटची भाकरी तव्यावर असतानाच घड्याळात बघितलं आणि पळाले. जाताना आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या.

सेकंडला माझ्या शेजारच्या टेबलावर ही वहिदा असते, पडेगावची. तिला सांगितलं तर आधी ती पोट धरून हसली. मग म्हणाली, आमच्यात पण तेच आहे ताई, शादीत हंडी चढवायला दहा मर्द उभे राहतात, फोटो काढतात, आणि रोटीची परात आली की सगळ्यांना फोन येतात. तिनं तिच्या डब्यातली अर्धी रोटी आणि खिमा माझ्या हातात कोंबला. साहेब इकडं बघत नाहीत तोवर मी टेबलाखाली वाकून खाल्लं. इन्चार्ज होणारी बाई टेबलाखाली वाकून खातेय, हे पण नियोजनातच होतं म्हणा.

गुरुवारी पिठल्यासाठी तीच धावपळ. शुक्रवारी भरतासाठी. शुक्रवारी मात्र परत आले ती उपाशीच. पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नीट गेलेलं नव्हतं. जुडगे येत होते, मी चिठ्ठ्या लावत होते. एकाएकी वहिदानं माझं मनगट धरलं. मी ज्या जुडग्याला हिरवी चिठ्ठी लावली होती, त्याचा जोड ढिला होता. नुसता ओढला तर हातात आला. तसाच गाडीत गेला असता तर काय झालं असतं ते मला चांगलं माहीत आहे, मीच पोरांना ते शिकवलंय. वहिदानं गुपचूप हिरवी काढून लाल लावली आणि कुणाला बोलली नाही. मला मात्र रडू यायला लागलं. रडायला पण सुट्टी लागते, ती नव्हती, म्हणून पुढचा जुडगा हातात घेतला.

शनिवारी सकाळी, सगळे आपापल्या कामाला निघायच्या आधी, आढावा बैठक. फळा सोमवारपासून शुक्रवारपर्यंत हिरवागार. ह्यांनी एकेका चुंबकावर बोट ठेवलं आणि सांगितलं की चाचणी शंभर टक्के यशस्वी झाली. असं घर कंपनीच्या लोकांना आणून दाखवलं पाहिजे, असंही म्हणाले. मग माझ्याकडं वळून मोठ्या मनानं परवानगी दिली. घे जागा, म्हणाले, सातला घरी येत जा, झालं.

मी सांगितलं, इन्चार्जला सुट्टीत गेटच्या बाहेर जाता येत नाही. सगळे जेवतात तेव्हा इन्चार्ज आतच असतो.

ह्यांनी एक चुंबक काढून पुन्हा चिकटवला. मग फळ्याकडं बघून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "मग अवघड आहे. पुढच्या वर्षी बघू."

म्हणजे बघा. चाचणी शंभर टक्के यशस्वी आणि उत्तर नाही. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, आणि तोही मीच वाढायचा. माझ्या डोक्यात असा जाळ झाला की विचारू नका. पण मी ओरडले नाही. ओरडलं की लोक ओरडण्यावर बोलतात, मुद्दा राहतो बाजूला. मी ह्यांच्या हातातला पेन घेतला, फळ्यावर नवीन रकाना आखला आणि वर लिहिलं, भाकरी. खाली सगळे वार. मग विचारलं, नावं सांगा, लिहिते.

रूपा म्हणाली, माझी प्रॅक्टिकल आहेत. अभय म्हणाला, क्लास सुटायलाच उशीर होतो. हे म्हणाले, अगं भाकरी म्हणजे ती एक कला आहे, ती काय कुणालाही जमते का. भाषणाचा माणूस, शब्द कमी पडत नाहीत. आणि मग हळूहळू, एकेक करून, तिघांच्याही माना आत्याबाईंकडं वळल्या.

आत्याबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"माझ्याकडं काय बघता? ह्यो खांदा कशानं धरला, इचारलं का कुनी कवा? भाकरीनंच धरला. उभा जलम थापल्या. कुनी फळ्यावर लिवलं नाय."

एवढंच बोलल्या आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या. रिमोटवरून मी त्यांच्याबद्दल मनात काय काय बोलले होते ते मला आठवलं आणि माझीच मला लाज वाटली. ह्यांनी आईच्या खांद्याकडं बघितलं. माझा अंदाज आहे, पहिल्यांदाच बघितलं असावं.

नावं कुणी सांगितली नाहीत. मी पण पुन्हा विचारलं नाही. रकाना तसाच कोरा ठेवला, पेन ह्यांच्या खिशाला लावला आणि दुपारी कामावर गेले. त्या दिवशी ओट्याकडं फिरकले नाही. तशीही खिचडीच होती. कंपनीत गेल्या गेल्या मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि सांगितलं, जागा घेते. ते म्हणाले, घरी विचारलंत ना? मी म्हणलं, घरी चाचणी झाली, शंभर टक्के यशस्वी.

पुढचा आठवडा फर्स्ट शिफ्टचा, म्हणून संध्याकाळी मी घरी. भाकऱ्या मी थापल्या, तोंडातून शब्द काढला नाही. हे येता जाता फळ्यापुढं थांबायचे आणि कोऱ्या रकान्याकडं बघायचे. मी म्हणलं बघा, बघायला पैसे पडत नाहीत. रविवारी झोपायला जाताना सांगितलं तेवढंच, उद्यापासून मी सेकंडला, सातला येणार नाही.

सोमवार. इन्चार्जची निळी पट्टी दंडाला. सात वाजले, भोंगा झाला, पोरं जेवायला पांगली. मी टेबलाशी बसून होते. फोन लॉकरमध्ये, त्यामुळं घरी काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. ह्या घटकेला ते ताटं घेऊन बसले असतील आणि टोस्टचा पुडा फोडत असतील, असं मनात आलं. उठावं, स्कूटी काढावी, एवढं मोठं मनात आलं की मी टेबलाची कड धरून बसले. तेवढ्यात वॉचमन आला. म्हणाला, ताई, गेटवर तुमचे मिस्टर आलेत.

गेटपर्यंत जाता येतं, म्हणून हातातल्या चिठ्ठ्या एप्रनच्या खिशात कोंबल्या आणि निघाले. म्हणलं, आली परात. आता गेटवरच थापायला लावतात.

गेटशी हे उभे होते. हातात स्टीलचा डबा. शर्टावर पीठ, कपाळावर पीठ, उजव्या हाताची दोन बोटं लाल, त्याच्यावर टूथपेस्ट लावलेली. मी काही विचारायच्या आधीच सांगायला लागले. आईनं खुर्ची टाकून समोर बसून करवून घेतलं म्हणे. पाणी जास्त झालं की शिव्या, कमी झालं की शिव्या. शेवटी हे म्हणाले की परात लहान आहे, तर आत्याबाई म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. पहिल्या भाकऱ्या गल्लीतल्या कुत्र्यानं हुंगून सोडून दिल्या. मग जरा जमली त्यातली एक आईनं ह्या डब्यात घातली आणि सांगितलं, सुलेखाला नेऊन दे, तपासणी तिची असती.

मी डबा उघडला. मेथी आणि भाकरी. एका कडंला जळलेली, मध्ये कच्ची, जाडी विटेएवढी. हे माझ्या तोंडाकडं बघत होते, पहिल्या दिवशी लाइनवरची नवी पोरं बघतात तसे. मी तिथंच गेटच्या कठड्यावर बसून खाल्ली. सगळी खाल्ली, कच्चीसकट. माझी आई गेल्यापासून मला कुणी भाकरी थापून दिलेली नव्हती.

"कशी आहे?" हे म्हणाले.

मी एप्रनच्या खिशातून पिवळी चिठ्ठी काढली आणि डब्याच्या झाकणावर लावली. ह्यांनी विचारलं, म्हणजे काय, पास का नापास? फळ्यावर तर दोनच रंग आहेत.

"ज्यानं बनवली त्याच्याकडं परत," मी म्हणलं. "उद्या पुन्हा करायची."

ह्यांनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं, डबा पिशवीत घातला. आपल्या गाडीला किक मारताना म्हणाले, आज रकान्यात मी माझंच नाव लिहिलंय, सोमवारी. मी विचारलं, आणि मंगळवारी? ते म्हणाले, मंगळवार अजून कोरा आहे.

भोंगा झाला. मी आत गेले.